अष्टमीची रताळी

२०१६ च्या नवरात्रात, अष्टमीच्या दुपारी, तेलंगणातल्या मुधोळच्या पुढे, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या एका गावात आई आणि मुलगी अशा दोघींनी उपासाची उकडलेली रताळी खाल्ली. संध्याकाळी दोघींना उलट्या सुरू झाल्या. आई दसऱ्याच्या सकाळी दवाखान्यात वारली. मुलगी वाचली. त्याच दसऱ्याला आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि ते गाव नव्या निर्मल जिल्ह्यात गेले.

नोकरीत मी यापेक्षा मोठी प्रकरणे हाताळली. तरी घटस्थापना जवळ आली की मला हेच प्रकरण आठवते. त्या वेळी मी त्या भागातल्या एका ठाण्याचा सब-इन्स्पेक्टर होतो. गावाचे, ठाण्याचे आणि माणसांचे नाव देत नाही. सगळे त्याच परिसरात राहतात.

दवाखान्याची सूचना आली तेव्हा ठाण्यात चार माणसे होती. बाकीचे नव्या जिल्ह्याच्या कार्यक्रमाच्या बंदोबस्ताला गेले होते. दाराबाहेर रंगारी शिडीवर चढून पाटीवरचे ‘आदिलाबाद’ खरवडत होता. आत राइटर, म्हणजे ठाण्याचा लेखनिक, कोरा कागद घेऊन बसला होता. वर जिल्हा कोणता लिहायचा, हे त्याला कोणी सांगेना.

“साहेब, काल झोपलो आदिलाबादात, आज उठलो निर्मलात,” तो म्हणाला. “बाजेवरून खाली पाय ठेवला नाही अन् बदली झाली.”

मी त्याला जुनाच जिल्हा लिहायला सांगितले आणि जीप काढली.

प्रथम संशयास्पद मृत्यू म्हणून नोंद झाली. पंचनामा झाला, शवविच्छेदन झाले. डॉक्टरांनी विषबाधा एवढेच लिहिले. कशाची, ते सांगता येईना. व्हिसेरा राखून हैदराबादच्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथून अहवाल यायला काही महिने जातात, हे आम्हाला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी वाचलेल्या मुलीला बोलता येऊ लागले. ती लग्न होऊन दुसऱ्या गावी दिलेली, दोन मुलांना घेऊन सणाला माहेरी आलेली. खाटेवरूनच तिने जबाब दिला.

“वहिनीनं विष घातलं. रताळी तिनंच उकरली, तिनंच उकडली. आमाले वाढली अन् सोता खाल्ली नाही. माह्या पोराइनं मागितली तर त्याइले हाकललं. म्हणे, तुमी नका खाऊ. मंग दुपारभर मागच्या वाडीत येरझारा घालून राह्यली होती. काहीतरी लपवत होती.”

त्या जबाबावर कलम बदलले. खून आणि खुनाचा प्रयत्न. आरोपी म्हणून एकच नाव होते, मृत बाईच्या सुनेचे.

घर भाजीवाल्यांचे होते. सासरा नव्हता. घरामागे वाडी, तिच्यात वांगी, मेथी, आंबट चुका, कुपाटीच्या, म्हणजे काटेरी कुंपणाच्या, कडेला दरवर्षी नवरात्रापुरती रताळ्याची वेल. ती सगळी वाडी सासू पाहायची. मुलगा माल घेऊन इचोड्याला जायचा आणि हायवेवरच्या ढाब्यांना पुरवायचा. आठवड्यातले चार दिवस तो तिकडेच असे. सुनेला इचोड्याला नवऱ्याजवळ बिऱ्हाड करायचे होते. सासूचे म्हणणे, वाडी कोण पाहील? या भांडणाचा आवाज गल्लीत सगळ्यांनी ऐकलेला होता. शेजारच्या प्रत्येक जबाबात तो आला.

दोन दिवसांनी खबर आली. चहाच्या टपरीवर गावातल्या एकाने आमच्या कॉन्स्टेबलला बाजूला घेतले. सुनेची आई सीमेपलीकडच्या गावात सुईण आहे आणि तिच्या दारात कळलावी आहे, असे तो म्हणाला. कळलावी म्हणजे पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, लाल-पिवळ्या ज्वाळेसारख्या फुलांची वेल. तिचा कंद जहरी असतो, हे त्या भागात सगळ्यांना ऐकून माहीत असते. कंद पाहिलेला मात्र फार थोड्यांनी असतो.

पलीकडच्या राज्यातल्या ठाण्याला कळवून मी त्या गावी गेलो. सुईण दारातच बसली होती. वेल तिच्या कुंपणावर होती, आता पिवळी पडत आलेली.

“हाय ना जी,” ती म्हणाली. “माह्या मायच्या टायमापासून हाय. बाई अडली की मुळी उगाळून तळपायाले लावत होतो. आता कोन बोलावते मले? समद्या दवाखान्यात जातेत.”

“मुलीला ही वेल माहीत आहे?”

“येलीखालीच खेळली ते. पन मुळीले म्या कोनाले हात लावू देल्ला नाही.” मग म्हणाली, “पोरगी माही तोंडाची फटकळ हाय साहेब. सासूले एकाचे दोन आयकवत असंन. पन जेवनात कालवनारी नाही.”

प्रत्येक आरोपीची आई असे म्हणते. वेलीचा पंचनामा करून मी परत आलो.

आता हेतू होता, संधी होती आणि विषाची ओळखही होती. कागदावर एवढे पुरेसे असते.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. तिच्या घरी जावे लागते. मी महिला कॉन्स्टेबलला बरोबर घेतले. ती भैंशाकडची, घरी मराठी बोलणारी. सून ओसरीवर बसली होती. वय बावीसच्या आसपास, डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढलेला, मांडीवर तान्हे मूल. नवरा खांबाला टेकून उभा होता.

“रताळी कोणी उकरली?”

“म्याच जी.”

“कुठून?”

“कुपाटीजवळच्या वाफ्यातून. येल वाळली होती. वाफा मोकळा करून राह्यली होती, मेथी टाकाले.”

“उकडली कोणी?”

“म्याच.”

“तू का खाल्ली नाहीस?”

“मले उपास नव्हता. लेकरू अंगावर हाय. आत्याबाईच म्हनल्या, तू नको धरू.”

“मुलांना का दिली नाहीस?”

“उपासवाल्याइलेच पुरत नव्हती जी.”

आवाज बारीक होता, पण उत्तरे सरळ होती. हात मात्र स्थिर नव्हते. पदर सारखा करायचा, पुन्हा पुढे ओढायचा, मुलाच्या टोपीची नाडी सोडायची, बांधायची. खोटे बोलणाऱ्याचे हात असेच चालतात, हे मी अनेकदा पाहिले होते. मी विचारले, “सासू कशानं मेली?”

ती एकदम रडू लागली. “माह्या हातून पाप झालं जी. माह्यामुळं गेल्या त्या. मले माहीत हाय.”

“काय केलंस?”

महिला कॉन्स्टेबलने विचारले, नवऱ्याने दरडावले, तरी त्यापुढे एक शब्द निघाला नाही.

सर्कल इन्स्पेक्टरांचा फोन जीपमध्येच आला. नव्या जिल्ह्याकडे जाणाऱ्या फायली त्यांना पुऱ्या करून द्यायच्या होत्या.

“कन्फेशन हो गया ना? अब क्या मुहूर्त देख रहे हो? अरेस्ट दिखाओ, केस डायरी निर्मल भेज दो।”

“साब, पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही. और एक स्टेटमेंट बाकी है।”

“तुम मराठी लोगों का हमेशा एक स्टेटमेंट बाकी रहता है।” ते हसले. पण फोन ठेवण्याआधी म्हणाले, “दिवाली से पहले।”

मला नक्की काय खटकत होते, हे तेव्हा सांगता आले नसते. विष देणारा माणूस ‘मी दिले नाही’ असे एकदा तरी म्हणतो. ही ते म्हणतही नव्हती. आणि विष कुठे ठेवले, कसे घातले, हेही सांगत नव्हती.

ते दिवस कसेबसे गेले. सकाळी उठावे तो नवे परिपत्रक. दुपारी नव्या मुख्यालयाची बैठक. संध्याकाळी हद्दीच्या नकाशावरून शेजारच्या ठाण्याशी वाद. जीप एका जागी उभी राहत नव्हती. ठाण्याच्या फाटकात नणंदेच्या सासरची माणसे येऊन बसत.

“तिले उचलत काऊन नाही?” त्यांतला एक म्हातारा रोज विचारायचा. “आमची सून मराच्या दारात गेली. तुमी जिल्हे वाटून राह्यले.”

एका दुपारी सुनेचा नवरा आला. इचोड्याचे काम त्याने बंद ठेवले होते. तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

“साहेब, माही माय तर गेली. आता माह्या लेकराची माय नेता का?”

“तिनं काही केलं नसेल तर ती सांगत का नाही?”

“मलेही सांगत नाही जी. जेवत नाही. पोराले पाजते अन् देवघरापुढं बसते. घट तर कवाचे उठले.”

मी त्याला बसायला सांगितले. तो बसला नाही.

कोजागिरी उलटून आठवडा झाल्यावर मी नणंदेचा दुसरा जबाब घ्यायला दवाखान्यात गेलो. मुळात हा जबाब मी वेळ काढण्यासाठी मागितला होता. ती खाटेवर उठून बसली होती. डोक्याला रुमाल बांधलेला. उशीवर केसांचे पुंजके पडले होते.

“पाहा जी,” तिने रुमाल सोडला. जागोजागी टाळू दिसत होती. “हात लावला की झुपकाच येते. करनी केली तिनं माह्यावर.”

मी डॉक्टरांना गाठले. ते त्याच गोष्टीवर विचार करत होते. आधी घशाची आग आणि उलट्या, मग रक्ताचे जुलाब, आणि वाचला तर दोनेक आठवड्यांनी केस गळणे, हा क्रम एका जातीच्या विषाचा आहे, असे ते म्हणाले. ते विष शरीरातल्या भराभर वाढणाऱ्या भागांवर जाते. आतडी आधी, केसांची मुळे नंतर. “यांनी एखादा रानटी कंद खाल्ला होता का?”

मी कळलावीचे नाव घेतले. त्यांनी मान हलवली.

“तीच असणार. उकडून ते विष जात नाही. लोकांना वाटतं शिजवलं की सगळं खाण्याजोगं होतं. कंद रताळ्यासारखाच दिसतो, रताळ्यांत मिसळला तर ओळखू येत नाही. केस परत येतील. तेवढं तिला सांगा.”

मी परत खाटेजवळ गेलो. आता प्रश्न वेगळा होता. “तुमच्या माहेरच्या कुपाटीवर कळलावी होती का?”

“होती ना. अवंदा पह्यल्यांदाच चढली होती. फुलंही आली होती.”

“होती म्हणजे? आता नाही?”

“मायनं कापली. नागपंचमीले म्या माहेरी होती, सन झाल्यावर माह्यासमोरच कापली. ते येल घराजवळ असली की घरात तंटे होतेत म्हनतेत. वहिनी बाळंतपणाले गेल्ती. माय म्हने, ते लेकरू घेऊन याच्या आंधी हे काढून टाकतो. आता तरी घरात तंटा नको.”

“मुळापासून काढली?”

“कुठं जी? चिखल होता. इळ्यानं वरवर कापली.” ती बोलता बोलता थांबली. “रताळ्याच्या वाफ्यातच होती ते.”

“वहिनी माहेराहून कधी आली?”

“पोळा झाल्यावर.”

“म्हणजे तिनं ती वेल तिथं पाहिलीच नाही.”

नणंदेने गळलेले केस गोळा करून मुठीत धरले. मी तिला तिचाच जबाब वाचून दाखवला. तिने सही केली. मी दारापाशी पोचलो तेव्हा मागून हाक आली.

“साहेब, पन तिनं खाल्ली नाही ना? आमी दोघीनंच खाल्ली. मंग ते काऊन म्हनते, पाप झालं?”

तो प्रश्न बरोबर होता. चूक झाली असेल, एवढेच आतापर्यंत दिसत होते. तिला काहीच माहीत नव्हते, हे सिद्ध व्हायचे होते.

त्याच दिवशी ऊन असतानाच मी महिला कॉन्स्टेबलसह गावात गेलो. मी नवऱ्याबरोबर वाडीत होतो. कॉन्स्टेबल घरात गेली आणि लगेच बाहेर आली.

त्या भागात बायका विंचरलेले केस टाकत नाहीत. गुंडाळी करून भिंतीच्या भोकात खोचतात. केस विकत घेणारा फिरत आला की त्यावर वाटी, पेला, पोरांना फुगा मिळतो.

“साहेब, न्हाणीच्या भिंतीत केसं आहेत,” कॉन्स्टेबल म्हणाली. “चार बायांचे वर्षभर जमणार नाहीत इतके. अन् इथं आता बाई एकच आहे.”

“तिचं डोकं पाहिलं?”

“पदर सोडू देत नव्हती. सोडवला. अर्धं डोकं उघडं पडलंय.”

मी ओसरीवर जाऊन बसलो. केस गळणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे. तिनेही तो कंद खाल्ला, एवढेच त्यावरून ठरत होते. तिचा पहिला जबाब मला आठवला. ‘मले उपास नव्हता,’ असे ती म्हणाली होती. ‘मी खाल्ली नाही,’ असे म्हणाली नव्हती.

“तू रताळं खाल्लंस,” मी म्हणालो. “कधी?”

ती देवघराकडे पाहत राहिली. मग नवऱ्याकडे पाहून म्हणाली, “तुमी बाहेर जा.”

तो गेला.

“निवदाच्या आंधी,” ती म्हणाली. “पहाटंपासून वाफ्यात होती जी. पोराले दोनदा पाजलं, पोटात काही नव्हतं. निवद झाल्याबिगर चूल दुसऱ्या सयपाकाले पेटत नाही आमच्यात. भांड्यात एक बारकं रताळं फुटलं होतं. अर्धं तोंडात टाकलं. मंग तेच भांडं देवीपुढं ठेवलं. उष्टं ठेवलं म्या. दुपारून मलेही वकाऱ्या आल्या, वाडीत जाऊन वकली. मले तवाच समजलं, देवी कोपली. आत्याबाईले नेलं, ताईले धरलं, आता माहे केस नेऊन राह्यली. सांगितलं असतं तर समदे म्हनले असते, हिच्यापायी घर बसलं. अन् मंग लेकराले...”

महिला कॉन्स्टेबलने तिच्या मांडीवरचे मूल घेतले.

मी तिला सांगितले की तो कंद कळलावीचा होता, वेल सासूने श्रावणात कापली होती आणि मुळी जमिनीत राहिली होती. तिने सगळे ऐकून घेतले.

“मंग देवीनं नाही केलं?”

“नाही.”

“कंदानं केलं.”

“हो.”

“पन तो कंद म्याच उकरला ना जी?”

मी नवऱ्याला आत बोलावले.

दुसऱ्या दिवशी पंचांसमोर तो वाफा खणला. रताळ्याच्या वाळक्या मुळांत गुंतलेले दोन कंद निघाले, नांगरासारखे दोन फाटे असलेले. फाटा तोडून माती झटकली की हातात राही तो तुकडा रताळ्याचाच वाटे. पंचांमधल्या एका भाजीवाल्याने तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाला, “म्याबी चुलीवर ठेवला असता.” कंद सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवले. सुनेला त्याच दिवशी दवाखान्यात दाखवले. डॉक्टरांनी तपासणीचा कागद दिला. अष्टमीच्या दुपारी तिने वाडीत उलटी केल्याचे शेजारच्या एका म्हातारीने पाहिले होते. ‘बाळंतीण आहे, पित्त झाले असेल,’ असे समजून तिने ते कोणाला सांगितले नव्हते, आणि आम्हीही तिला विचारले नव्हते.

फाइल दिवाळीआधी निर्मलला गेली. अटक दाखवलेली नव्हती. सर्कल इन्स्पेक्टरांनी पहिले पान, शेवटचे पान वाचले. “अर्धा रताळा,” ते म्हणाले. “एक औरत की पूरी जिंदगी अर्धे रताळे पे।” मग सही केली.

गावात दवंडी दिली. नुसती वेल कापू नका, कंद खणून जाळा. वाफा साफ करताना निघालेले न ओळखता चुलीवर ठेवू नका. पहिले दोन दिवस लोक कुपाट्या खणत होते. पुढे पावसाळा आला तेव्हा काही कुपाट्यांवर पुन्हा फुले दिसली.

त्या प्रकरणानंतर माझ्या कामात एक बदल झाला. कोणी ‘माझ्यामुळे झाले’ म्हटले की मी लिहून घेणे थांबवत असे आणि नेमके कोणते कृत्य, कोणत्या वेळी, कोणत्या जागी, हे विचारत असे. तोवर कबुलीचा कागद पुढे सरकवत नसे. आमच्या भागात माणूस कायद्याला जेवढा भितो त्याहून जास्त सोवळ्या-ओवळ्याला, देवाला आणि शेजाऱ्याच्या तोंडाला भितो. चौकशीत दोन्ही भीती एकसारख्या दिसतात. हात तसेच चालतात, नजर तशीच खाली जाते. हे मला प्रशिक्षणात कोणी सांगितले नव्हते. तिचे केस गळले नसते तर ते मला तेव्हाही कळले नसते.

प्रयोगशाळेचा अहवाल उन्हाळ्यानंतर आला. व्हिसेरा आणि कंद, दोन्हीत एकच विष निघाले. नव्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याने गुन्हा घडलाच नसल्याचा अंतिम अहवाल कोर्टात दिला. फिर्यादी म्हणून नणंदेला नोटीस आणि अहवालाची प्रत गेली. सुनेने नैवेद्याआधी अर्धे रताळे खाल्ल्याचा जबाब त्यात होता. तिने कोर्टात येऊन आक्षेप नसल्याचे सांगितले.

वर्षश्राद्धानंतरच्या, म्हणजे २०१८ च्या नवरात्रात त्या घरात पुन्हा घट बसला. महिला कॉन्स्टेबल तेव्हा त्या गावात बंदोबस्ताला होती. पुढचे तिने पाहिलेले आहे. अष्टमीला नणंद माहेरी आली होती. रताळी मुधोळच्या बाजारातून आणली होती. उकडून झाल्यावर नणंदेने देवीपुढे ठेवण्याआधी भांड्यातले एक रताळे काढले, मोडले, अर्धे आपल्या तोंडात टाकले आणि उरलेले अर्धे भावजयीच्या हातावर ठेवले. भावजयीने ते खाल्ले. मग दोघींनी नैवेद्य दाखवला.